भाडं

येशिमेबेतचं घड्याळ उजाडल्यापासून मोजतं.
सूर्य वर येऊन तास झाला की एक वाजतो.
म्हणून ती घर सोडते तेव्हा तिकडे रात्रीचे दहा झालेले असतात,
आपले पहाटेचे चार,
आणि तुलू दिमतूच्या थांब्यावर
रांग कोपऱ्यावरून केव्हाच वळलेली असते.

खोली चौथ्या मजल्यावर.
घर दुसऱ्याच कुणाला सरकारी लॉटरीत लागलेलं,
हिच्या वाट्याला ते भाड्याने आलं.
काझांचिसमधली जुनी वस्ती पाडली तेव्हा
कुणीतरी म्हणालं, तिकडे लांब जा, तिकडे स्वस्त आहे.
स्वस्त होतं. लांबही होतं.
कुणी खोटं बोललं नव्हतं.

तिच्या भाषेत घराच्या पैशाला एक शब्द आहे,
गाडीच्या पैशाला दुसरा.
माझ्या भाषेत दोन्हींना भाडंच.
हे सांगितलं तेव्हा मातीची जबेना निखाऱ्यावर टेकवत
ती हसली :
म्हणजे तुमच्या लोकांना आधीच कळलं होतं.

मेक्सिको चौकात, एका बँकेच्या कुंपणाला पाठ लावून
ती कॉफी विकते.
चार बुटकी स्टुलं, खाली पसरलेलं ओलं गवत,
कान नसलेले इवलेसे कप.
हिशोब ती कपातच करते.
कालिटीपर्यंत तीन कप. तिथे गाडी बदलायची.
पुढे चौकापर्यंत चार.
परतीचे तेवढेच, मिनीबसवाल्याची मर्जी असली तर.
म्हणजे रोज चौदा गिऱ्हाइकं तिच्यासमोर बसून
खरं तर निळ्या-पांढऱ्या गाडीच्या टाकीत कॉफी ओततात.
पंधराव्या कपापासून साखर, कोळसा, मुलीच्या वह्या.
खोलीचं भाडं तिसाव्याच्या पुढे कुठेतरी सुरू होतं.
तोवर बँक बंद होते.

पूर्वी एकच गाडी थेट जायची म्हणे.
मग चालकांना उमगलं
की रस्ता मधोमध मोडला
तर अंतर तेवढंच राहतं
आणि भाडी दोन होतात.

मिकियास दारात लोंबकळत ओरडतो,
सारिस सारिस, कालिटी कालिटी,
वय एकोणीस, घसा पन्नाशीचा.
सकाळी तिच्याकडे उधार पितो,
संध्याकाळी तिच्याकडून रोख घेतो.
तू कुठे उतरतोस रे, तिने एकदा विचारलं.
तो सुटे मोजत राहिला.
मग म्हणाला, मागच्या सीटवर.
मालक रात्रीचे काही कापतो त्याचेही.

आता हे कोणतं भाडं?
घराचं की गाडीचं?
माझ्या भाषेला त्याची पंचाईत नाही.

महिनाअखेरचा गुरुवार. डिझेल पुन्हा वाढलेलं.
गाडी सारिसलाच थांबली. चालक आरशात बघून म्हणाला,
संपला रस्ता. पुढे जायचं तर नवे पैसे.
लोक कुरकुरले, खिसे चाचपले.
दोघं उतरून चालू लागले, बूट हातात घेऊन.
कालिटीच्या पुढचे तीन कप
येशिमेबेतने रुमालाच्या गाठीत बांधलेले,
त्यांना हात लावायचा नव्हता,
आणि गाठीबाहेर काहीच नव्हतं.

मिकियास डोकी मोजत मागे आला.
बोट तिच्या डोक्यापाशी पोचलं
आणि तिथून उचलून
शेजारच्या म्हाताऱ्यावर ठेवलं.
अकरा, तो ओरडला. आरशातल्या डोळ्यांना पटले अकरा.
तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.
तिनेही खिडकीबाहेर
दिसेल ते पाहून घेतलं.

सकाळी तो आला, स्टुलावर बसला,
कप दोन घोटांत संपवला.
कुंपणावर त्याच्या उधारीच्या कोळशाच्या रेघा होत्या,
नऊ, आजची धरून दहा.
येशिमेबेतने अंगठा ओला केला
आणि एक पुसली.
दुसरीवर अंगठा जरा वेळ टेकवला,
मग काढून घेतला.

नऊ राहिल्या.
दोघांनाही त्या दिसत होत्या.
तो उठला, आणि गाडीकडे पळताना
जिथे राहत नाही त्या सगळ्या जागांची नावं
पुन्हा ओरडू लागला.